पस्तिशीचा शिक्का आणि आपला वयोविचार

गेल्या श्रावणात विश्रामबागेतील माझ्या चिकित्सालयात एक प्राध्यापिका आल्या. वय ३७, विवाहानंतर सहा वर्षांनी राहिलेला पहिलाच गर्भ, पाचवा महिना. रक्तदाब, रक्तशर्करा, सोनोग्राफी सर्व काही स्वाभाविक. तरी रात्री झोप नाही, अन्नावर वासना नाही. कारण विचारता त्यांनी फाईल पुढे केली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘एल्डरली प्रायमी’ असे लिहिलेले होते. सासूबाईंनी शेजारच्या मुलीकडून त्याचा अर्थ लावून घेतला आणि तेव्हापासून घरात ‘म्हातारपणीचं बाळंतपण’ ही भाषा सुरू झाली. “वैद्यसाहेब, मी खरंच म्हातारी झाले का हो?” हा त्यांचा मला पहिला प्रश्न.

हा शिक्का आला कोठून, हे आपण जाणून घेतले पाहिजे. १९५८ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ३५ वर्षे वा त्यापुढील पहिलटकरणीसाठी ही संज्ञा ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तिला झेड ३५.५ हा क्रमांकही मिळाला. पुढे १९७० च्या दशकात गर्भजल परीक्षा आल्या, तेव्हा परीक्षेमुळे गर्भपात होण्याचा धोका आणि गर्भात गुणसूत्रदोष असण्याची शक्यता यांचा ताळेबंद साधारण पस्तिशीला जुळतो असा हिशेब मांडला गेला. आपल्याकडील प्रसूतिपूर्व निदानतंत्रांच्या १९९४ च्या कायद्यातही अशा परीक्षेस परवानगी देणाऱ्या अटींत ‘३५ वर्षांवरील वय’ ही एक अट आहे. मात्र अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच, चाचणीचा पर्याय वयाचा विचार न करता प्रत्येक गर्भिणीपुढे ठेवावा, अशी भूमिका घेतली. हिशेब बदलला, शिक्का तेवढा राहिला.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांच्या मते तीस वर्षांपर्यंत बाल्य, साठपर्यंत मध्यम वय व त्यानंतर जीर्णावस्था. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (योगायोग असा की अध्यायही पस्तिसावाच!) मध्यम वयाचे आणखी विभाग केले आहेत. त्यांत तीस ते चाळीस हा काळ धातूंच्या संपूर्णतेचा मानला आहे. क्षयाचा आरंभ त्यानंतर. आर्तवाची मर्यादा पन्नास वर्षे सांगितली आहे. २०२१ च्या साहाय्यित प्रजननविषयक कायद्यानेही स्त्रीसाठी पन्नासच्या आतील वय हीच सीमा घातली, हे मला लक्षणीय वाटते.

परंतु एवढ्यावर टाळ्या पिटणाऱ्या वैद्यबंधूंशी माझे जमत नाही. ऋतू, क्षेत्र, अंबू, बीज या चतुष्टयात बीजावर काळाचा परिणाम होतो, हे नाकारता येणार नाही. डाऊन सिंड्रोमची शक्यता पस्तिशीला सुमारे साडेतीनशेत एक, तर चाळिशीला सुमारे शंभरात एक असते. मधुमेह व रक्तदाबाचे प्रमाणही वयानुसार वाढते. ही वाढ चढणीसारखी हळूहळू होते. पस्तिसाव्या वाढदिवशी कडा कोसळत नाही, एवढेच माझे म्हणणे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात (२०१६) जोखमीच्या गर्भिणीच्या कार्डावर लाल खूण करतात. ती खूण तपासणाऱ्यासाठी आहे आणि उपयुक्त आहे. ती त्या स्त्रीचे नाव होऊन बसली की अपाय होतो. गर्भ धारण करून ठेवणाऱ्या भावांत चरकांनी सौमनस्याला अग्रस्थान दिले आणि रोग वाढविणाऱ्यांत विषादाला. काठोकाठ तेलाने भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे, तसे गर्भिणीला जपावे, असे सांगणारे आचार्य त्या पात्रावर ‘जुने’ अशी चिठ्ठी खचितच चिकटवणार नाहीत.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना थोडे कटू सांगतो. भयभीत स्त्री ही सर्वांत सोपी गिऱ्हाईक असते. ‘उशिरा गर्भ आहे ना, मग हे न्याच’ असे म्हणत काउंटरवरून गर्भपाल रस दिला जातो, हे मी पाहिले आहे. त्यात हिंगूळ व नागभस्म आहे. हिंगूळ ई (१) अनुसूचीतील द्रव्य असून असे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, ही सूचना वेष्टनावर असते. चिठ्ठीविना ते देऊ नये. स्त्रीवंध्यत्व बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हेही फलघृताचे फलक लावणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. थायरॉईडची वा रक्तदाबाची चालू गोळी आपल्या शब्दावर कोणी बंद करू नये. गर्भ राहण्याचा विचार असतानाच फॉलिक आम्ल सुरू करण्यास सांगावे.

त्या प्राध्यापिकांच्या केसपेपरवर मी लिहिले : वय ३७, मध्यम वय, प्रथम गर्भ, चिंतेमुळे निद्रानाश. सासूबाईंना समोर बसवून तेच मराठीत समजावले. मासानुमासिक आहार लिहून दिला आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी चुकवू नका, असे बजावले. दोन तासांनंतरची शर्करा १५२ आली. मर्यादा १४० ची. त्याच दिवशी त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना चिठ्ठी पाठवली आणि आहारातले दूध-भात-साखरेचे प्रमाण नव्याने ठरविले. या वेळी प्राध्यापिका घाबरल्या नाहीत. वही काढून त्यांनी सारे व्यवस्थित लिहून घेतले.