पपई, पीच आणि सहा आठवडे

शनिवारी सकाळी साडेआठला अटलांटाच्या कार्टर सेंटरजवळ भरणाऱ्या शेतकरी बाजारात गेलं, तर पीच मिळतात. दहाला गेलं, तर रिकामे खोके दिसतात. मी यंदा एकही शनिवार चुकवलेला नाही. जॉर्जियाला पीच म्हणजे कोकणाला हापूस. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर पीच असतं आणि शहरातल्या निम्म्या रस्त्यांच्या नावात पीचट्री असतं. लहरीही तेवढंच. हिवाळ्यात पुरेसे दिवस थंडी पडली नाही तर झाड नीट फुलत नाही, आणि फुललंच तर मार्चमध्ये हिव पडून मोहोर जळतो. २०२३ साली हे दोन्ही झालं आणि राज्याचं ९० टक्क्यांहून अधिक पीक गेलं. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, मात्र टेबलं भरलेली आहेत.

मी ज्या बाईंकडून घेते त्या फोर्ट व्हॅलीकडच्या. तो पीचचाच मुलूख, त्या जिल्ह्याचं नावच पीच काउंटी. जुलै लागला की कोय सुटी होणारी जात येते. त्यातलीच जुनी, नावाजलेली म्हणजे एल्बर्टा. मार्शलव्हिलच्या सॅम्युअल रम्फ नावाच्या बागायतदाराने दीडशे वर्षांपूर्वी ती तयार केली आणि तिला बायकोचं नाव दिलं. मी मात्र बाईंकडे डागी माल मागते. एका बाजूला मार लागलेला, अर्ध्या किमतीचा. आंब्याच्या दिवसांत मिरजेच्या मंडईत आई हेच करायची. रसाला, साखरांब्याला डागी आंबाच घ्यावा, देखणा आंबा पाहुण्यांना द्यावा.

पीचचा मेथांबा फार छान होतो. त्यासाठी पाडाला आलेलं पण कडक फळ हवं, पिकलेलं नको. पिकलेल्याचा लगदा होतो. कच्च्या कैरीचा आंबटपणा पीचला नाही, म्हणून गूळ निम्माच घालायचा आणि शेवटी दोन लिंबं पिळायची. साल काढायला सुरीने झटापट नको. फळाच्या बुडाशी फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरायचं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचं. साल हातात निघून येते. मग फोडी करायच्या. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद. मेथी लाल झाली की फोडी, काळी झाली की सगळं कडू. वरून तिखट, मीठ, गूळ. फोड बोटाने दाबली जाईल पण तुटणार नाही, तिथे गॅस बंद.

गेल्या शनिवारी मेथी तडतडत होती आणि मिरजेहून आईचा फोन आला. माझ्या भावजयीला दिवस गेलेत. आई म्हणाली, “पपई आणणं बंद केलंय घरात. अननस पण.” मला हसू आलं. माझ्या वेळी तिने हेच फोनवरून मला अटलांटात बजावलं होतं. पपई उष्ण, पपईने पोट पडतं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलीला पाळी यायच्या आधीपासून माहीत असतं. का माहीत असतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आईने ते त्या दिवशी सांगितलं. तिच्या माहेरच्या वाड्यात एक काकू होत्या. पाच मुलं पदरात, सहावं नको होतं. साल १९६५. कच्ची पपई झाली, गाजराचं बी झालं, कसला कसला काढा झाला. काही होईना तेव्हा कुणीतरी एका बाईकडे नेलं. चौथ्या दिवशी काकू गेल्या. मुलांना सांगितलं, विषमज्वराने गेल्या. आई तेव्हा बारा वर्षांची होती. मोठ्या बायका माजघरात काय कुजबुजतात ते कळायचं वय नव्हतं, पण त्यानंतर बरीच वर्षं वाड्यात कुणी पपई आणली नाही, एवढं तिच्या लक्षात राहिलं.

पपईचा असा वापर बायकांनी शौक म्हणून केलेला नाही. दुसरा रस्ता बंद होता म्हणून केला. आपल्याकडे हा रस्ता किती बंद होता, हे जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं यावरून कळतं. दिवस गेलेल्या विधवेला जीव द्यावा लागू नये, मूल मारावं लागू नये, म्हणून. त्यानंतरही शंभरहून अधिक वर्षं गर्भपात भारतात गुन्हाच राहिला. १९६४ साली महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. त्या काकू सात वर्षं उशिरा अडकल्या असत्या, तर सरकारी दवाखान्यात जाऊन संध्याकाळी घरी आल्या असत्या.

अमेरिकेला हे नंतर सुचलं. इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा रो विरुद्ध वेड हा निकाल २२ जानेवारी १९७३ चा. २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने तो मोडीत काढला आणि ज्याने त्याने आपापल्या राज्यात बघून घ्यावं असं सांगितलं. जॉर्जियाने आधीच बघून ठेवलं होतं. गव्हर्नर ब्रायन केंप यांनी २०१९ च्या मे महिन्यात सही केलेला कायदा न्यायालयात अडकून पडला होता, तो जुलै २०२२ मध्ये लागू झाला. गर्भाच्या हृदयाची हालचाल यंत्रावर दिसली की गर्भपात बंद. म्हणजे साधारण सहा आठवडे.

सहा आठवडे ऐकायला बरे वाटतात. पण हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. उरले दोन. ज्यांची पाळी कधीच वेळेवर येत नाही त्यांचे तेही नाहीत. बलात्कारातून दिवस गेले असतील तर वीस आठवड्यांपर्यंत सूट आहे, पण आधी पोलिसांत तक्रार हवी. शेजारी जावं, तर अलाबामा आणि टेनेसीत जवळपास संपूर्ण बंदी, साउथ कॅरोलायना आणि फ्लोरिडात हेच सहा आठवडे. राहिलं नॉर्थ कॅरोलायना. तिथे बारा आठवडे, पण आधी एकदा स्वतः जाऊन समुपदेशन घ्यायचं आणि मग बहात्तर तास थांबायचं. रोजंदारीवरच्या बाईला, घरी लहान मूल असलेल्या बाईला हा प्रवास जमावा असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

अंबर थर्मन हे नाव इथे आता सर्वांना माहीत आहे. अठ्ठावीस वर्षांची, दवाखान्यात मदतनीस, सहा वर्षांच्या मुलाची एकटी आई. ऑगस्ट २०२२ मध्ये, कायदा लागू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा ती चार तास गाडीने नॉर्थ कॅरोलायनाला गेली. रहदारीत अडकल्याने ठरलेली वेळ हुकली, तिथे तिला गोळ्या मिळाल्या. घरी आल्यावर गर्भाचा काही भाग आत राहिल्याचं आणि जंतुसंसर्ग झाल्याचं निष्पन्न झालं. उपाय होता क्युरेटिंग, आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यातही होतं ते. अटलांटाजवळच्या रुग्णालयात ते सुरू व्हायलाच सुमारे वीस तास लागले. ती वाचली नाही. राज्याच्याच मातामृत्यू समितीने नंतर हा मृत्यू टाळता आला असता असा निष्कर्ष काढला.

माझं क्युरेटिंग याच शहरात झालं होतं, २०११ साली. नवव्या आठवड्यात ठोके थांबले. संध्याकाळी सोनोग्राफी, दुसऱ्या सकाळी शस्त्रक्रिया, दुपारी घरी. डॉक्टरांनी माझा हात धरला होता, वकिलाला फोन केला नव्हता. आपोआप मेलेला गर्भ काढणं आजच्या कायद्यातही गुन्हा नाही. पण कुठला आपोआप मेला आणि कुठला गोळीने, आई पुरेशी मरणाच्या दारात आहे की अजून थोडं थांबावं, हे डॉक्टरने ठरवायचं आणि चुकलं तर तुरुंगात जायचं. अशा वेळी हात आखडतो. गेल्याच महिन्यात इथल्या एका रुग्णालयात चार महिने कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या मेंदूमृत बाईचं सिझेरियन झालं. फेब्रुवारीत मेंदू मृत झाला तेव्हा तिला नववा आठवडा होता. घरच्यांना विचारलं गेलं नाही, कायद्याचा हवाला दिला गेला. राज्याच्या महाधिवक्त्यांचं कार्यालय म्हणालं, कायद्यात असं काही नाही. मग ते चार महिने कुणी ठरवले?

मेथांब्याच्या बरण्या घेऊन मी महाराष्ट्र मंडळाच्या वनभोजनाला गेले. दुसऱ्या राज्यात जावं लागणाऱ्या बायकांच्या भाड्याला, पेट्रोलला पैसे हवे होते, म्हणून बरणीमागे दहा डॉलर घेत होते. एका काकांनी बरणी उचलली, कारण ऐकलं आणि परत ठेवली. म्हणाले, “अगं, स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध आपण तिकडे आयुष्य घालवलं, आणि तू इथे गर्भपाताची बाजू घेतेस?”

काकांचा प्रश्न खोटा नव्हता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि त्यामागे आपल्याच कार्यकर्त्यांची वर्षं होती. तेव्हापासून गर्भपात म्हटलं की मराठी माणसाला सोनोग्राफीची खोली आठवते. पण काका, त्या खोलीत सुनेला कोण विचारत होतं? सासू ठरवायची, नवरा ठरवायचा. इथे विधिमंडळ ठरवतं. मी दोन्हीकडे एकाच बाजूला आहे, जिच्या पोटात वाढतंय तिच्या. आपला कायदाही काही आदर्श नाही, त्यात शेवटची सही डॉक्टरची लागते. तरी २०२१ मध्ये काहींसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तोच हक्क आहे असं सांगितलं. इथला निकाल येऊन तीन महिने झाले होते.

काकांनी बरणी घेतली नाही. काकू मात्र निघताना गाडीपाशी आल्या. पर्समधून वीस डॉलर काढले, दोन बरण्या पिशवीत टाकल्या आणि आईच्या माहेरच्या माजघरातल्या आवाजात म्हणाल्या, “माझं पण झालं होतं गं, ऐंशी साली, दादरला. ह्यांना माहितीये. बोलत नाहीत.”

पीचचा हंगाम अजून महिनाभर आहे. मेथांबा करून बघा, गूळ बेताने घाला. आणि जॉर्जियात राहणाऱ्या, नागरिकत्वाची शपथ घेऊन मत मात्र न देणाऱ्या माझ्या मराठी मंडळींसाठी एक आकडा सांगते. या राज्याच्या प्रतिनिधिगृहात १८० जागा आहेत आणि विधेयक मंजूर व्हायला ९१ मतं लागतात. २०१९ मध्ये सहा आठवड्यांच्या विधेयकाला ९२ मिळाली. त्या सगळ्या १८० जागांसाठी आणि गव्हर्नरपदासाठी पुढचं मतदान ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे.