रस्ता कोणाच्या बापाचा?

दर डिसेंबरात एक रडगाणं ठरलेलं. ६ डिसेंबर आला की दादरला रस्ते बंद. स्वातंत्र्यवीर सावरकर मार्गावर गाड्या नाहीत, शिवाजी पार्कभोवतीच्या गल्ल्यांत पार्किंगला मनाई. लगेच सुरू : आम्ही घरी जायचं कसं? गाडी लावायची कुठं? ही गर्दी आमच्याच दारात का?

हे दुखणं एकट्या दादरचं नाही. मी जुळे सोलापूरचा. पोटासाठी मुंबईच्या गोदीत ठेक्यावर ओझी उचलतो. सुट्टीत घरी गेलो की १४ एप्रिलच्या मिरवणुकीवर हीच कुरकुर तिथंही ऐकतो. शिकलेली माणसं, इस्त्रीचे कपडे आणि तोंडात एकच शब्द : गैरसोय.

गैरसोय होते, खोटं कशाला बोलू? कोणाच्या घरी म्हातारं माणूस आजारी पडलं तर ॲम्ब्युलन्स दारापर्यंत गेलीच पाहिजे. तिच्यासाठी वाट मोकळी करायला पहिले आम्ही धावू. त्यावर भांडण नाही. भांडण आहे ते 'आमचा रस्ता' या दोन शब्दांशी. तुमचा कसा? सातबारा दाखवा की!

हिशेबच करू. मोठी चारचाकी उभी करायला अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा धरतात. दोन गाड्यांचे झाले २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला कैक वर्षं एवढंच घर मिळत होतं. आता ३०० फूट झालं. त्यासाठी पुरावे आणा, पात्र ठरा, संक्रमण शिबिरात वर्षं काढा. आणि साहेबाच्या दोन गाड्यांना तेवढीच जागा रस्त्यावर फुकट! त्याला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन म्हातारी बसली की झालं अतिक्रमण. २०१४ चा फेरीवाला कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण करा, तोवर कोणाला उठवू नका. कायदा कपाटात, म्हातारीची टोपली पालिकेच्या गाडीत.

जागेचे पैसे मागितले की मग बघा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट लिहिलंय : रस्त्याची वाटणी करताना वाहन नव्हे, माणूस धरा, पार्किंगचा आकार जागेच्या किमतीला साजेसा लावा. २०१८ मध्ये पुणे महापालिकेनं रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं काढलं. एवढी ओरड झाली की सगळ्या शहराचं धोरण पाच रस्त्यांवर आलं. ७ जुलै २०१९ पासून मुंबईत सार्वजनिक वाहनतळाच्या ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर ५,००० पासून २३,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला. पुन्हा थयथयाट. त्यातला ५,००० चा दंड दुचाकीवाल्या कामगाराच्या घरातलं रेशन खाणारा होता, ते चूकच. पण ओरडणाऱ्यांत त्या कामगाराचं नाव कोण घेत होतं?

आता भाषेची गंमत ऐका. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद केले. पोरं सायकलवर, बाया-बाप्ये योगासनं करताहेत. चांगलंच झालं. पेपरात छापून आलं, रस्ते माणसांना खुले झाले! अरे, मग ६ डिसेंबरला काय होतं? तेव्हाही गाड्या थांबतात आणि माणसं चालतात. मग तुम्ही चाललात की रस्ता 'खुला' आणि आम्ही चाललो की 'बंद', हे कसं?

बंद रस्ता काय असतो ते आम्हाला विचारा. १९२४ मध्ये त्रावणकोरात वैकमच्या देवळाभोवतीच्या नुसत्या रस्त्यावरून चालता यावं म्हणून सत्याग्रह करावा लागला. लांब कशाला, आमच्या सोलापुरात सेटलमेंट होती. जन्मालाच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती तारेच्या कुंपणात कोंडलेल्या. हजेरी द्यायची, बाहेर पडायला पास घ्यायचा. १९५२ मध्ये तो कायदा गेला, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर. घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या रांगेत 'रस्ते' हा शब्द उगाच आलेला नाही. तो या सगळ्या बंद रस्त्यांवरून चालत आलाय.

म्हणून सांगतो, दोस्तहो, या भांडणात आपण गप्प बसायचं नाही. जुळे सोलापूर असो की दादर, आपलं मागणं सरळ आहे. फूटपाथ आधी चालणाऱ्याला. फेरीवाल्याला कायद्याप्रमाणे जागा. मग उरेल तिथं गाडी, तीही जागेचे पैसे मोजून. आणि रस्ता कधी, कशासाठी बंद करायचा हे ठरवताना त्या रस्त्यावर राहणाऱ्या सगळ्यांना विचारा, रात्री फूटपाथवर झोपणाऱ्यालाही.

आणि गैरसोयवाल्यांनो, वर्षातून एक-दोन दिवस चाला की पायी. आम्ही बारा महिने चालतोय.