टीच आणि टिच

परवा कट्ट्यावर आमच्या एका मित्राने ठणकावून सांगितले, "इंग्रजीतला 'टिच' हा आपल्या 'टीचभर'वरूनच गेलेला शब्द. कॅम्पातले गोरे सोल्जर घेऊन गेले असणार!" इंग्लंडात बुटक्या माणसाला गमतीने टिच म्हणतात. आपल्याकडे अंगठा आणि तर्जनी ताणली की मधले अंतर ती टीच. उच्चार जुळला, अर्थ जुळला, बेळगावात गोऱ्यांची छावणीही होतीच. टाळ्या पडल्या. खोटे कशाला बोलू, मीही वाजवल्या.

मग ग्रंथालयात जाऊन शोध घेतला, तर निघाली एका लठ्ठ माणसाची गोष्ट! टिचबोर्न या श्रीमंत इंग्रज घराण्याचा वारस रॉजर 1854 साली जहाजासह बेपत्ता झाला. 1866 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक खाटीक 'तो मीच' म्हणत पुढे आला. रॉजर अंगाने किरकोळ. हे गृहस्थ दीडशे किलोंच्या पुढे गेलेले. तरी रॉजरच्या आईने त्यांना मुलगा मानले! कोर्टाने मात्र मानले नाही. 1874 साली त्यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडभर दुसरा विषय नव्हता.

त्याच सुमारास, 1867 साली जन्मलेले हॅरी रेल्फ नावाचे एक गुबगुबीत पोर होते. लोक त्याला चेष्टेने 'टिचबोर्न' म्हणू लागले. पोर वाढले ते साडेचार फुटांवर थांबले. पुढे 'लिटल टिच' या नावाने त्याने अठ्ठावीस इंची बूट घालून नाच केला, रंगभूमी गाजवली आणि त्याचे नाव सगळ्या बुटक्यांना चिकटले. लहानपणाचा शब्द एका अगडबंब माणसाच्या आडनावावरून आला. हे नुसत्या कानाने कोणाला कळणार?

कट्ट्यावर हे हसण्यावारी जाते. पण आपल्या सीमाभागात 'हा शब्द आमचा, तुम्ही उचललात' म्हणून हमरीतुमरी होते, तेव्हाही पुष्कळदा पुरावा एवढाच असतो, की ऐकायला सारखे वाटते. उलट 'अक्का', 'अण्णा' कन्नडमधून मराठीत आले असे अभ्यासक सांगतात, तेव्हा आमच्याच काही मित्रांच्या कपाळावर आठ्या चढतात. हे मला पटत नाही.

ग्रंथालयात मराठी आणि कन्नड कोश दोन वेगळ्या कपाटांत आहेत. कन्नड विभागातले कोणी तयार असेल तर दोन्ही एका टेबलावर मांडून बसू. मित्राला विचारले. तो म्हणाला, "आधी चहा पाज."