चार इंची गॅलरी

मार्च उजाडला की पुण्यातल्या ऑफिसांत दोन गट पडतात. एक गट मान खाली घालून अप्रेझलचे फॉर्म भरतो. दुसरा गटही तेच फॉर्म भरतो, पण मधूनमधून खिडकीबाहेर बघतो. अस्मादिक दुसऱ्या गटातले. कारण बाहेर काय धमाल चाललेली असते, माहितीये? वेताळ टेकडी गिरिपुष्पानं गुलाबी झालेली असते. पळस पानंबिनं सगळी टाकून देऊन नुसता केशरी उभा असतो. पांगाऱ्याला लालभडक चोची फुटतात. आणि रस्त्याकडेचा नीलमोहर रात्रीतून पार्क केलेल्या गाड्यांवर जांभळा सडा घालून ठेवतो. गाडीमालक तो वायपरनं बाजूला सारतो आणि कामाला निघतो. वसंत ऋतू आपल्याकडे येतो तो असा, ऐन इयर एण्डिंगच्या तोंडावर. त्याचं टायमिंग साफ गंडलंय, बॉस!

तर मंडळी, यंदा मी ठरवलं, हा वसंत नुसता काचेतून बघायचा नाही. तो करायला घ्यायचा. स्वतःच्या हातानं, एका खोक्यात. थोडक्यात, मी एक मिनिएचर रूम बनवायला घेतली. बाहुलीघरातली असते तशी एक खोली आणि तिला लागून फुलांनी भरलेली गॅलरी.

टीममध्ये ही बातमी फुटल्यावर व्हायचं तेच झालं. “भातुकली? या वयात?” असं एकीनं विचारलं. दुसरीनं “अगं, आधी लग्नाचं बघ” हा सर्वरोगहारी सल्ला दिला. टीम लीडनं फक्त डेडलाइन विचारली. पण मला सांगा, हे आपल्याला नवीन कुठंय? दिवाळीत किल्ला करून, वर अळीव पेरून, बोटाएवढ्या मावळ्यांसाठी हिरवळ उगवणारे आपणच ना? चैत्रात गौरीला इवल्याशा पितळी झोपाळ्यात बसवून पुढं पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडणाऱ्या आज्याही आपल्याच. तुळशीबागेतून भातुकलीचं पोळपाट-लाटणं आणलं नाही, अशी पुणेरी मुलगी दाखवा! मोठं झालो की आपण हे सोडून देतो, इतकंच.

जगात काही मोठ्यांनी मात्र हा खेळ भलताच मनावर घेतलाय. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या सतराव्या शतकातल्या श्रीमंत बाईंचं बाहुलीघर आहे. ते सजवायला त्यांनी १६८६ च्या सुमारास घेतलं आणि पुढं कितीतरी वर्षं त्या सजवतच राहिल्या. त्यावर जेवढे पैसे गेले, तेवढ्यात तेव्हा तिथल्या कालव्याकाठी खरंखुरं घर आलं असतं म्हणतात. होम लोनवाल्यांनी कृपया दोन मिनिटं शांत बसावं.

माझं फेव्हरिट मात्र इंग्लंडच्या राणी मेरीचं बाहुलीघर. १९२१ ते १९२४ या काळात ते बनलं आणि आज विंडसर कॅसलमध्ये आहे. डिझाइन कुणाचं? एडविन ल्युटन्सचं. म्हणजे जो माणूस तेव्हा आपल्या नव्या दिल्लीत व्हाइसरॉयचा अवाढव्य बंगला बांधत होता, तोच. आज त्याच बंगल्याला आपण राष्ट्रपती भवन म्हणतो. त्याची तिथली बागही वसंतात लोकांसाठी उघडते. पूर्वीचं मुघल गार्डन, २०२३ पासून अमृत उद्यान. अशा माणसानं बाहुलीघरात नळाला पाणी आणलं, दिवे लावले, आणि घराच्या तळाशी एक ड्रॉवर केला. ड्रॉवर ओढला की आत अख्खी बाग! ही बाग आखली गर्ट्रूड जीकल या प्रसिद्ध बागकर्तीनं. बाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या आणि नजर कधीचीच अधू झालेली. ड्रॉवर बंद केला की बाग घराच्या पोटात जाते. मला ही आयडियाच इतकी आवडली की मी त्याच रात्री पुठ्ठा कापायला बसले.

यातलं गणित सोपं आहे. बाहुलीघरांचं जगभर चालणारं माप म्हणजे एकास बारा. एका फुटाचा एक इंच. सात फुटी दार सात इंचांचं. दहा फुटी खोली दहा इंचांची. दिवाणाची लांबी सहा इंच. इथवर मजा वाटते. मग तुम्ही फुलांपाशी येता आणि घाम फुटतो. जास्वंद जेमतेम एक सेंटिमीटर. देवचाफा सहा मिलिमीटर. उमललेला मोगरा दोन मिलिमीटर, आणि त्याची कळी? एक. मोहरीसुद्धा तिच्यापुढं दांडगी दिसते.

आता माझ्या खोलीबद्दल. ती मनातली नाही, खरी आहे. कोथरूडमधल्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटची मागची खोली. तिला चार फूट रुंद, दहा फूट लांब गॅलरी आणि कठड्यापलीकडे मातीचा एक पट्टा. तो पट्टा आईचा. आमची बिल्डिंग १९७९ ची. स्लॅबमधून लोखंड डोकवायला लागलंय आणि पाइप कुठंही गळतात. त्यामुळे सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. मेअखेर घर रिकामं करायचंय. बदल्यात अकराव्या मजल्यावर मोठा फ्लॅट मिळणार. मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर केले, आईनंही केला. निर्णय बरोबरच आहे. पण पट्ट्याच्या जागी पार्किंग येणार.

घरी सगळ्यावर चर्चा व्हायची. भाड्याचं घर कुठं घ्यायचं, पॅकर्स कोण, नव्या किचनमधला ओटा कोणत्या रंगाचा. पट्ट्याचा विषय मात्र कुणीच काढत नव्हतं. बाबा पेपर वाचायचे. आई सकाळी झाडांना पाणी घालायची आणि आत यायची. विषय कसा काढायचा, ते मलाही सुचत नव्हतं. मी खोली करायला घेतली.

मिनिएचर करणाऱ्यांची एक शिस्त असते. खोलीला आधी तारीख द्यायची. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये थॉर्न रूम्स म्हणून ६८ खोल्या आहेत. १९३० च्या दशकात नार्सिसा थॉर्न या बाईंनी कारागिरांकडून त्या करून घेतल्या. प्रत्येक खोलीला ठरावीक काळ, ठरावीक देश, आणि खिडकीबाहेर त्या त्या वेळेचा उजेड. माणसं मात्र जवळपास नाहीतच. आत्ता कुणीतरी उठून गेलंय, असं वाटत राहतं. मी ठरवलं, माझ्या खोलीत चैत्र. तृतीयेला गौर बसल्यानंतरची एक संध्याकाळ.

मग कामाला लागले. भिंतींना फोम बोर्ड. जमीन शहाबादी, म्हणजे करड्या माउंट बोर्डाचे दोन-दोन इंचांचे चौकोन. गौरीच्या झोपाळ्याला तुटक्या पैंजणाची नाजूक साखळी. दिवाणावर खणाचं कापड टाकून बघितलं आणि लगेच काढलं. त्यातला एकेक ठिपका या मापात ताटाएवढा दिसतो! इथं कापड निवडताना रंग नंतर, डिझाइनचा आकार आधी. शेवटी आईच्या जुन्या वॉयल साडीचा, बारीक बुंदक्यांचा तुकडा चालला. दिवाणाशेजारी चष्मा ठेवला, तांब्याच्या तारेचा. खाली चपलांचा जोड. आईची बाहुली केली नाही.

गॅलरीतल्या कुंड्या म्हणजे पेनाची टोपणं आणि शाडूची माती. माती म्हणून गाळून वाळवलेली चहाची पत्ती. (सुचवून ठेवते, याहून हुबेहूब माती विकत मिळत नाही.) एक पिवळा डालड्याचा डबा, दोन सेंटिमीटर उंच, कारण आईची तुळस आजही त्यातच आहे. मोगऱ्याच्या कळ्यांसाठी मणी, साबुदाणा सगळं ट्राय केलं. उत्तर सापडलं डब्यांच्या फळीवर. राजगिरा! रंग तोच आणि माप तेच. फेविकॉलनं चिकटवायचा आणि वर ट्रान्स्परंट नेलपॉलिशचा हात मारायचा, म्हणजे कीड लागत नाही.

आईचं धोरण सुरुवातीला “डोळे फोडून घे” इतकंच होतं. मग एका रविवारी ती चहा घेऊन आली. कठड्यावर चढवलेल्या माझ्या मधुमालतीकडे तिनं बघितलं आणि म्हणाली,

“सगळी गुलाबी केलीस?”

“मग? गुलाबीच तर असते.”

“संध्याकाळी उमलताना पांढरी असते गं. दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल. एकाच घोसात तिन्ही दिसतात. आणि तुझी ही संध्याकाळ आहे ना?”

मी इतकी वर्षं त्या वेलाखालून सायकल, मग स्कूटी काढलीय. एमबीएत कन्झ्युमर ऑब्झर्वेशनवर प्रेझेंटेशनसुद्धा दिलंय. असो! आई बाहेर गेली आणि एक घोस तोडून आणला. आम्ही दोघी दिव्याखाली तो मोजत बसलो. पाच पाकळ्या. लांबच लांब बारीक नळी. मग तिनं बोगनवेलीचं एक फूल सोलून दाखवलं. रंगीत दिसतं ते फूल नाहीच, ती पानं. फूल आत असतं, पांढरं, टिचभर. मग जास्वंदीचा दांडा आणि टोकाचे पाच ठिपके. त्या रविवारी माझं खोकं अर्धा इंचसुद्धा पुढं सरकलं नाही.

पण आई बोलायला लागली. चाफा तिच्या माहेरचा, वाईचा. १९९४ मध्ये आजीनं फांदी तोडून पेपरात गुंडाळून दिली होती आणि एसटीत चीक लागून साडी खराब झाली होती. मोगरा वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. त्या मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हा कुंडी इथं ठेवून गेल्या. जास्वंद कुणीच लावलेली नाही. बाबांनी कुंपणाला काठी म्हणून खोचली होती, ती फुटली. मला हे सगळं झाड, झाड आणि झाड एवढंच ठाऊक होतं. त्यात माणसं आहेत, हे कुणी बोललंच नव्हतं.

“चाफा चुकीच्या बाजूला घेतलायस,” ती म्हणाली. “तो डावीकडे. आणि आत्ता पानं नकोत त्याला. नुसत्या जाड काड्या आणि टोकाला फुलं.”

मी पानं उपटली. चाफा डावीकडे आला. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “हा खोक्यात आला. खऱ्याचं काय करायचं गं?”

दोन महिन्यांत पहिल्यांदा विषय निघाला होता. बाबांनी पेपर खाली ठेवला.

उत्तर तसं सोपं होतं. चाफा फांदीवरून येतो. हाताएवढी फांदी कापायची, सावलीत आठवडाभर ठेवून चीक वाळू द्यायचा आणि मग कुंडीत लावायची. पाणी बेतानं. मधुमालतीला बुडाशी धुमारे फुटतात. मुळासकट एक काढला की झालं. मोगरा कुंडीतच आहे, तो लिफ्टनं जाईल. जास्वंदीबद्दल बाबा म्हणाले, “ती माझ्याकडे द्या, खोचीन कुठंतरी.” अकराव्या मजल्यावर यातलं किती टिकेल, माहीत नाही. वारं फार असतं म्हणे, आणि ऊन एकाच बाजूनं. कुंडीतला चाफा झाड होईलच असंही नाही. पट्टा तर जाणारच आहे. तो वाचला, अशी गोड गोष्ट मी इथं सांगू शकत नाही.

सध्या खोली पूर्ण व्हायला आली आहे. गॅलरीला डाळीएवढा एलईडी लावायचा राहिलाय, संध्याकाळच्या उजेडासाठी. गौरीपुढच्या वाटीत कैरीची डाळ हवी, असा आईचा आग्रह आहे. या मापात वाटी म्हणजे टिकलीहून थोडी मोठी. तिनं स्वतः चिमटा हातात घेऊन हळदीत घोळवलेला रवा त्यात भरलाय. चाफ्याच्या तीन फांद्या फ्रिजशेजारी पेपरावर वाळत पडल्या आहेत. बाबा येता-जाता चीक थांबला का, ते बघतात.

तुम्हाला करून बघायचंय? मग अख्ख्या खोलीच्या नादी लागू नका. एक पुठ्ठ्याचं खोकं, एक खिडकी, एक कुंडी. कटर आणि स्टीलची पट्टी चांगल्यातली घ्या, बाकी सामान घरातच निघतं. आणि मोगऱ्यापासून तर अजिबात सुरुवात करू नका. जास्वंद घ्या. चांगली सेंटिमीटरभर असते, क्रेप पेपरच्या पाच पाकळ्यांत होते. दांडा मात्र विसरू नका. टोकाला ठिपके किती, ते घरातलं जे कुणी रोज झाडांना पाणी घालतं, त्यांना जाऊन विचारा. माहीत असलं तरी विचारा. याच रविवारी विचारा.