पेप्टाइडची सुई आणि उंदरांवरचा पुरावा

वार्धक्य लांबविण्याच्या, दुखापत झटपट भरून काढण्याच्या आशेने अमेरिकेत पेप्टाइडची इंजेक्शने सर्रास घेतली जात आहेत. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. १९२२ पासून मधुमेहींना जगविणारे इन्सुलिनही याच कुळातले. तेव्हा प्रश्न कुळाचा नाही, पुराव्याचा आहे. स्नायुबंधांच्या दुखापतीवर रामबाण म्हणून खपणाऱ्या ‘बीपीसी-१५७’चे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे, माणसांवर मोठी चाचणी झालेलीच नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने (‘वाडा’) २०२२ मध्ये खेळाडूंसाठी ते निषिद्ध ठरविले. तरीही ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का मारलेल्या कुप्या विकल्या जातात, आणि सुई टोचली जाते ती माणसालाच! नव्या रक्तवाहिन्या वाढविणे हा त्याचा प्राण्यांत दिसलेला गुण. परंतु कर्करोगाची गाठही अशाच नव्या रक्तवाहिन्यांवर पोसली जाते, हे जाहिरातींत सहसा आढळत नाही.