सुनावणी ही मेहेरबानी नव्हे

अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांत तुरुंगाचा विषय निघाला की 'तो गुन्हेगारांचा प्रश्न' म्हणून तो बाजूला सारला जातो. या उदासीनतेशी आमचे भांडण आहे. पूज्य बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत ज्या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते आजचे कलम ३२ होय. त्यात हेबियस कॉर्पसचा नामनिर्देश आहे. त्याच हेबियस कॉर्पसची या देशात काय गत झाली आहे?

१९६३ साली टाउनसेंड विरुद्ध सेन या खटल्यात येथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्याच्या न्यायालयात वस्तुस्थितीची पुरेशी व निःपक्ष चौकशी झाली नसेल, तर संघीय न्यायालयाने साक्षीपुरावा घेऊन सुनावणी केलीच पाहिजे. तो कैदी शिकागोचा कृष्णवर्णीय तरुण होता. पोलिसांच्या डॉक्टरने औषध टोचल्यानंतरच्या कबुलीजबाबावर त्याला देहान्ताची शिक्षा झाली होती.

१९९६ च्या कायद्याने हे दार जवळजवळ लोटून घेतले. २०२२ मध्ये, शिन विरुद्ध मार्टिनेझ रामिरेझ खटल्यात, सहा विरुद्ध तीन मतांनी त्याला कडी लागली. खटल्यातील वकील निष्काळजी, शिक्षेनंतरच्या अर्जाचा वकीलही निष्काळजी. तरीही पुरावा वेळेत मांडला नाही हा दोष कैद्याचाच! सबब संघीय न्यायालयाने तो पुरावा पाहावयाचाच नाही.

निकालाला अंतिमता हवी, असे म्हणतात. हवीच, पण ज्याला उत्तम वकील परवडतो त्याचा पुरावा पहिल्याच दिवशी नोंदला जातो. अंतिमतेचा भार वाहतो तो दरिद्री.

भारतातही देहदंडाच्या पुनर्विचार याचिका न्यायमूर्ती दालनात बसून, कागद पाहून निकालात काढीत. २०१४ मध्ये त्यांची खुल्या न्यायालयात सुनावणी बंधनकारक झाली. जालना जिल्ह्यातील २००३ च्या एका प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशी सुनावली होती. खुल्या सुनावणीनंतर, ५ मार्च २०१९ रोजी, सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने आरंभी पोलिसांकडील छायाचित्रांतून ओळखलेली माणसे निराळीच होती! ही नोंद इतकी वर्षे कागदांत पडून होती.

येथील अडसर कायद्याचा आहे, घटनेचा नव्हे. काँग्रेस तो दूर करू शकते. आपल्यापैकी अनेक जण येथील मतदार आहेत. त्यांपैकी कोणी आपल्या प्रतिनिधीला याविषयी एक पत्र लिहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.