कुलवृत्तान्ताला कुलूप

इंदूर-बडोद्यापासून अमेरिकेपर्यंत पांगलेल्या घराण्यांचे कुलवृत्तान्त आता वेबसाइटवर येऊ लागले आहेत. सोय मोठी, पण त्यात जन्मतारखा, माहेरची आडनावे, फोन नंबर असतात. बँकेच्या नावाने फोन करणाऱ्या भामट्याला नेमके हेच हवे असते.

वर्डप्रेसवर प्रत्येक लेखाला स्वतंत्र पासवर्ड लावता येतो. मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा. लेखाचे शीर्षक सगळ्यांना दिसते, म्हणून त्यात नाव-गाव नको. आतला फोटो थेट लिंकने पासवर्डशिवायही उघडतो. आणि एकदा टाकलेला पासवर्ड त्या ब्राउझरमध्ये साधारण १० दिवस चालतो; तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडू नका.

कुलदैवताचे नाव पासवर्ड म्हणून नको, ते साऱ्या गावाला ठाऊक असते. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. दर दिवाळीला तो बदला. बदलला की जुना निकामी होतो.

आजीला नवा पासवर्ड वहीत लिहून द्या. नेटवरचा चोर तिच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. हयात माणसांचे फोन नंबर मात्र वेबसाइटवर ठेवूच नका. जे तिथे नाहीच, ते चोरीलाही जात नाही.